जनरेटरचे खाते

सांगली, इचलकरंजी, बार्शी, लातूर अशा कोणत्याही व्यापारी गावातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. खाली पेढी, वर राहते घर आणि परसात पत्र्याच्या छपराखाली ५ केव्हीएचा एक जनरेटर. यंत्र घेतले ते भारनियमनाच्या दिवसांत, २००५ नंतरच्या त्या वर्षांत, जेव्हा लहान गावांतून दिवसाचे कित्येक तास वीज नसे आणि बाजारपेठेत दुकानागणिक जनरेटरची घरघर चाले. पुढे विजेची स्थिती सुधारली, तसे यंत्र परसात विसावले. पावसाळ्यात वादळवाऱ्याने तारा तुटल्या, तर तेवढ्यापुरती त्याची आठवण होई.

श्रावणातील एक संध्याकाळ. साडेपाच वाजलेले. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकण्याची घराची रीत, त्यामुळे स्वयंपाकघरात या वेळी सर्वांत अधिक लगबग. तेवढ्यात वीज गेली. मुलाने खाली जाऊन जनरेटर सुरू केला. दिवे लागले, पंखे फिरले, आणि चारपाच मिनिटांत एमसीबी खाली पडून पुन्हा अंधार झाला. त्याने ती वर केली. ती पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी दिवे मिणमिणले, यंत्राचा आवाज जड झाला, धुराड्यातून काळा धूर आला आणि सारे शांत झाले. त्या शांततेत आतल्या खोलीतून एक बारीक, सलग शिटी ऐकू येऊ लागली. अप्पांच्या उशाशी असलेले, हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद पडल्याची ती सूचना होती. सुनेने हातातले काम टाकून कोपऱ्यातील सिलिंडर ओढला आणि नळी त्याला जोडली. दोन मिनिटांचा प्रसंग. पण त्या रात्री घरात कोणाला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने यंत्राभोवती एक चक्कर मारली, एमसीबीवर बोट ठेवले आणि म्हणाला, "मालक, यंत्र आता थकलंय. नवीन घ्यायचं नसेल तर एक करता येईल. ही २० अँपिअरची काढून ३२ ची बसवू. मग पडायची नाही."

मुलाला ते पटले. अप्पांना मात्र पटले नाही. पलंगावरूनच ते म्हणाले, "आपल्या पेढीवर एक जुने दिवाणजी होते. उधारी मर्यादेबाहेर गेली की ते वही मिटून बसायचे. गिऱ्हाईक चिडायचे, मीही चिडायचो. पण त्यांच्या जागी सगळ्याला हो म्हणणारा माणूस बसवला असता, तर पेढी राहिली नसती. ती एमसीबी काढण्याआधी मला सांगा, या यंत्राचे खाते कोणी मांडले आहे का?"

खाते कोणीच मांडलेले नव्हते. बहुतेक घरांत ते मांडलेले नसते. घरचा जनरेटर वारंवार बंद पडतो, तेव्हा पहिला संशय यंत्रावर जातो. प्रत्यक्षात अनेकदा यंत्र होते तसेच असते आणि घर वाढलेले असते.

पडणारी एमसीबी काय सांगते

एमसीबीत दोन पहारेकरी असतात. एक तापमानावर चालतो. तारेतून ठरलेल्यापेक्षा अधिक विद्युतप्रवाह काही काळ वाहत राहिला, की आतील द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि जोडणी तुटते. दुसरा चुंबकावर चालतो. दोन तारा एकमेकींना चिकटून प्रवाह एकाएकी कित्येक पट वाढला, तर तो क्षणार्धात जोडणी तोडतो. म्हणून एमसीबी पडली, एवढे पाहून भागत नाही. ती केव्हा पडली हे पाहावे. कळ वर करताच त्याच क्षणी पडत असेल, तर वायरिंगमध्ये किंवा एखाद्या उपकरणात शॉर्ट असण्याचा संभव अधिक. काही मिनिटे चालून पडत असेल, तर तो बहुधा अतिभार होय. पाण्याचा पंप सुरू होताच दिवे मंदावून पडत असेल, तर दोष पंपाच्या सुरुवातीच्या ओढीत शोधावा.

२० च्या जागी ३२ ची एमसीबी बसवली, तर काय घडेल? ५ केव्हीएचे यंत्र २३० व्होल्टला जास्तीत जास्त पावणेबावीस अँपिअर देऊ शकते. घराने २९ अँपिअर मागितले, तर ३२ ची एमसीबी स्वस्थ बसून राहील. तोपर्यंत यंत्रातील अल्टरनेटरची वेटोळी तापतील, त्यांवरील वार्निश करपेल, आणि भिंतीतील तार तेवढ्या प्रवाहासाठी घातलेली नसेल तर तिचे आवरण वितळेल. एमसीबीची किंमत काही शे रुपये. तिने राखलेल्या वस्तूंची किंमत त्याच्या कित्येक पट. एमसीबी तार आणि यंत्र यांच्या कुवतीनुसार ठरते, घराच्या गरजेनुसार नव्हे. जुन्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणे हाही याच जातीचा अपराध आहे.

जमेची बाजू

यंत्राच्या अंगावर धातूची एक पाटी असते. खात्याची जमेची बाजू तेथे लिहिलेली असते, मात्र ती नीट वाचावी लागते. केव्हीए आणि किलोवॅट हे दोन वेगळे आकडे आहेत. पाटीवर ५ केव्हीए आणि पॉवर फॅक्टर ०.८ असे लिहिले असेल, तर प्रत्यक्ष उपयोगाची शक्ती ४ किलोवॅट, म्हणजे ४,००० वॅट. लहान पेट्रोल यंत्रांवर पुष्कळदा दोन आकडे असतात, एक कमाल आणि दुसरा सततचा. कमाल आकडा थोड्या वेळापुरता असतो. हिशोब नेहमी सततच्या आकड्यावर करावा. विकत घेताना जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दिसतो तो बहुधा कमाल आकडा असतो.

जमेतून काही वजावटीही होतात. उंचावर हवा विरळ असल्याने इंजिनाची शक्ती घटते. साध्या पेट्रोल इंजिनात दर ३०० मीटर उंचीला साधारण साडेतीन टक्के घट धरतात. सांगलीत हा फरक थोडा. महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यात तो चांगलाच जाणवतो. उन्हाळ्याची उष्णता, साठलेल्या धुळीने कोंडलेला एअर फिल्टर, यंत्राच्या पेटीच्या जाळ्यांपुढे रचलेली पोती किंवा खोकी, यांनीही यंत्राचा श्वास अडतो आणि शक्ती उतरते. यंत्राला ताजी हवा आत येण्यास व तापलेली हवा बाहेर जाण्यास दोन्ही बाजूंनी मोकळी जागा हवी.

त्यातही यंत्र सतत पूर्ण भाराने चालवू नये. ७० ते ८० टक्के भार हा त्याच्या प्रकृतीला मानवणारा. म्हणजे ४,००० वॅटच्या यंत्रावर ३,२०० वॅटपर्यंतचा संसार निभावतो. उरलेले ८०० वॅट अडीअडचणीसाठी राखून ठेवायचे.

नावेची बाजू

खर्चाचे पान लिहायला नात बसली. कोणते उपकरण किती वॅटचे, हे मागच्या पट्टीवरून तिला वाचता येत होते. पण कोणते केव्हा चालते हे तिला ठाऊक नव्हते, तिच्या वडिलांनाही नव्हते. ते तिच्या आईला ठाऊक होते. म्हणून खाते स्वयंपाकघरात बसून लिहिले गेले. संध्याकाळी साडेपाच वाजता घरात एकाच वेळी काय चालते, एवढाच प्रश्न होता.

एलईडी दिवे २०० वॅट. आठ पंखे प्रत्येकी ७५ प्रमाणे ६००. दोन फ्रिज मिळून ४००. दूरदर्शन संच १००. पाणी शुद्ध करणारे यंत्र ५०. अप्पांचे ऑक्सिजनचे यंत्र ३५०. इथवर १,७०० वॅट झाले आणि सर्वांना हायसे वाटले. मग नातीने इन्व्हर्टर लिहिला. वीज जाताच घर आधी इन्व्हर्टरवर जाते. जनरेटर सुरू झाला, की तोच इन्व्हर्टर आपल्या बॅटऱ्या भरून घेऊ लागतो. दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर आरंभी ५०० वॅटपर्यंत ओढू शकतो. हे देणे कोणाच्या डोळ्यांसमोर नसते, कारण त्यासाठी कोणी बटण दाबलेले नसते. बेरीज २,२०० झाली. बैठकीच्या खोलीतील दीड टनी एसीचे १,६०० मिळवले, ती ३,८०० झाली. ओट्यावरील इंडक्शन शेगडीचे १,८०० मिळवले, ५,६०० झाली. टाकी भरायला लावलेल्या एक अश्वशक्तीच्या पंपाचे सुमारे १,१०० मिळवले, ६,७०० झाली.

जमा ४,०००, नावे ६,७००. अँपिअरमध्ये मांडले तर सुमारे २९. एमसीबी का पडत होती, याचे उत्तर वहीच्या एका पानावर आले. २००५ नंतरच्या त्या दिवसांत याच घरात एसी नव्हता, इंडक्शन नव्हती, फ्रिज एकच होता. यंत्राने तेव्हा दिलेला शब्द आजही पाळला होता. घराने मात्र मागणी दुपटीहून वाढवली होती आणि ती एकेका वस्तूने, वेगवेगळ्या सणांना वाढल्यामुळे कोणाच्या लक्षात आली नव्हती.

सुरुवातीची ओढ

बेरीज बसली तरी एक हिशोब उरतो. पंप, फ्रिज, जुन्या धर्तीचा एसी यांत मोटर असते. थांबलेली मोटर फिरू लागते त्या क्षणी ती चालू प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. एक अश्वशक्तीचा पंप चालताना ६–७ अँपिअर घेत असला, तरी सुरू होताना ३५ च्या पुढे जाऊ शकतो. महावितरणाच्या मोठ्या जाळ्याला ही ओढ जाणवत नाही. परसातील लहान यंत्राला ती धक्क्यासारखी बसते. व्होल्टेज खाली जाते. व्होल्टेज उतरले, की मोटरचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले तर जोर ६४ टक्केच उरतो. पंप वेग घेऊ शकत नाही, गुरगुरत राहतो आणि सुरुवातीचाच मोठा प्रवाह ओढत राहतो. मग एमसीबी पडते किंवा, ती चुकीची बसवली असेल तर, पंप जळतो.

यासाठी क्रम पाळावा. ज्याची ओढ सर्वांत मोठी ते उपकरण, चालवायचेच असेल तर, सर्वांत आधी आणि एकटे सुरू करावे. ते स्थिरावल्यावर बाकीचे जोडावेत. वीज जाते तेव्हा एसी, पंप, इंडक्शन यांची बटणे बंद केल्यावरच जनरेटरची कळ वर करावी. नाही तर सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. इन्व्हर्टर तंत्राचा एसी हळूहळू वेग घेत असल्याने त्याची सुरुवातीची ओढ सौम्य असते, पण त्याचे चालू वॅट खात्यात धरावेच लागतात.

स्टॅबिलायझर हाही एक फसवा जोडीदार आहे. यंत्र दमून व्होल्टेज उतरले, की स्टॅबिलायझर ते उचलून उपकरणाला पुरेसे देतो. त्यासाठी तो यंत्राकडून तेवढा अधिक प्रवाह ओढतो. म्हणजे दमलेल्याच्याच खांद्यावर आणखी ओझे येते.

दोष यंत्राचा की घराचा

हे ठरवायला एक साधी परीक्षा आहे, आणि ती जाणत्या वायरमनला बरोबर घेऊनच करावी. घराचा सगळा भार तोडून जनरेटर सुरू करावा व तीनचार मिनिटे तापू द्यावा. मोकळ्या यंत्राचे व्होल्टेज २३० च्या आसपास आणि वारंवारिता ५० हर्ट्झहून किंचित वर, ५१–५२ पर्यंत असते. ३,००० फेऱ्यांचे यंत्र असो वा १,५०० फेऱ्यांचे, इंजिनाचा वेग आणि वारंवारिता एकमेकांना बांधलेले असतात; इंजिन दबले की हर्ट्झ उतरतो. आता एकेक उपकरण जोडत जावे आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज, हर्ट्झ व प्रवाह वहीत लिहावा. प्रवाहासाठी क्लॅम्प मीटर वापरतात. त्याचा चिमटा एकाच तारेभोवती घालावा. येणारी व जाणारी अशा दोन्ही तारा त्यात धरल्या, तर मीटर शून्य दाखवतो.

पाटीवरील आकड्यापर्यंत यंत्र स्थिर राहिले आणि त्यापुढे दबू लागले, तर यंत्र निर्दोष आहे. दोष भाराचा. निम्म्या भारातच इंजिन दबू लागले, हर्ट्झ ४७–४८ वर आला, काळा धूर येऊ लागला, तर इंजिनाला पुरेशी हवा किंवा योग्य इंधन मिळत नाही. एअर फिल्टर, इंधनाचा फिल्टर आणि गव्हर्नर ही तपासणी तेथून सुरू करावी. पेट्रोल यंत्राच्या टाकीत गेल्या वर्षीचे पेट्रोल पडून असेल, तर ते काढून टाकावे. महिनोन्महिने साठवलेले पेट्रोल खराब होते आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरते. निळसर धूर हा इंजिनात वंगणतेल जळत असल्याची खूण आहे. हर्ट्झ बरोबर पण व्होल्टेज कमी किंवा झोके घेणारे असेल, तर दोष अल्टरनेटरच्या बाजूस, बहुधा एव्हीआर, कार्बन ब्रश किंवा लहान यंत्रात कपॅसिटर येथे असतो. आणि एकाच ठिकाणची तार हाताला गरम लागत असेल, प्लास्टिक जळल्याचा वास येत असेल, तर यंत्र बंद करून आधी ती सैल जोडणी पाहावी. आग अशाच जागी लागते.

मोठ्या घरांत तीन फेजचा जनरेटर असतो. तेथे एक वेगळी गफलत होते. १५ केव्हीएचे यंत्र प्रत्येक फेजला ५ केव्हीएच देते. घरातील तीनही एसी एकाच फेजवर जोडलेले असतील, तर एक फेज गुदमरते आणि उरलेल्या दोन रिकाम्या बसतात. एकूण बेरीज पाहणारा म्हणतो, यंत्र तर निम्मेच भरले आहे. येथे नवे यंत्र घेण्याची गरज नसते, भाराची समान वाटणी करावी लागते. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तार घट्ट असणे अत्यंत महत्त्वाचे; ती सुटली, तर घरातील काही उपकरणांवर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो.

या घरातील यंत्राने परीक्षा दिली. एअर फिल्टर धुळीने बुजला होता; तो बदलला. त्यानंतर ते ३,९०० वॅटपर्यंत न कुरकुरता चालले. वायरमनने मान हलवली. "यंत्र थकलेलं नाही," तो म्हणाला. "आपणच जास्त मागत होतो."

मोठे यंत्र घ्यावे का

मुलाचा पुढचा विचार सरळ होता, १० केव्हीएचे घेऊन मोकळे व्हावे. ज्यांना खरोखरच तेवढी गरज आहे, त्यांनी घ्यावे. पण डिझेल इंजिन आपल्या शक्तीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी भारावर दीर्घकाळ चालत राहिले, तर ते पुरेसे तापत नाही. अर्धवट जळलेले इंधन व काजळी धुराड्यात आणि इंजिनात साठत जाते. वर्षातून दहावीस तासांसाठी, तेही एसी व इंडक्शन चालावी म्हणून, दुप्पट यंत्र, दुप्पट जागा आणि अधिक इंधन हा व्यवहार सुनेला पटला नाही. "लाइट नसताना इंडक्शन कशाला हवी?" ती म्हणाली. "गॅस आहेच की. एसीही तासभर बंद राहिला तर बिघडत नाही. अप्पांचे यंत्र तेवढे बंद पडता कामा नये."

खात्याचा खरा उपयोग येथे झाला. काय बंद राहिले तर चालेल आणि काय एक क्षणही बंद पडता कामा नये, अशा दोन याद्या झाल्या. वायरमनने घराचे वायरिंग दोन बोर्डांत विभागले. एसी, इंडक्शन, गीझर आणि इस्त्रीची जागा जनरेटरपासून तोडली; त्यांना आता फक्त महावितरणाची वीज मिळते. दिवे, पंखे, फ्रिज, पाण्याचे यंत्र जनरेटरच्या बोर्डावर राहिले. पंपासाठी नियम ठरला की बॅटऱ्या भरल्यावर, दूरदर्शन बंद करून, तो एकटाच लावायचा. बेरीज २,२०० वर थांबली, म्हणजे ५५ टक्के. एमसीबी २० अँपिअरचीच राहिली.

अप्पांचे यंत्र थेट जनरेटरवर ठेवले नाही. ते शुद्ध साइन वेव्ह देणाऱ्या इन्व्हर्टरवर घेतले आणि त्या इन्व्हर्टरवर त्याशिवाय दोनच दिवे ठेवले. वीज जावो, जनरेटर सुरू होण्यास वेळ लागो, एमसीबी पडो, त्या यंत्राला खंड पडू नये हा हेतू. त्यापलीकडेही ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर हाताशी ठेवावा, त्यातील दाब ठरलेल्या दिवशी पाहावा, आणि प्रवाह किती ठेवायचा हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन सिलिंडरला बांधावे. ज्या घरात कोणाचा श्वास विजेवर चालतो, त्या घराने एकाच आधारावर विसंबू नये.

दोन गोष्टी ज्यांत सवलत नाही

पहिली, धूर. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही. म्हणून जनरेटर गॅरेज, जिना, व्हरांडा, दुकानाचा मागचा बोळ अशा कोंदट जागी कधीही चालवू नये. दार-खिडकी उघडी आहे ही सबब चालत नाही. तो उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून निदान २० फूट दूर आणि धुराचे तोंड घराकडे नसेल असा ठेवावा. पावसापासून छप्पर असावे, भिंती नसाव्यात. चालत्या किंवा तापलेल्या यंत्रात इंधन ओतू नये.

दुसरी, चेंजओव्हर स्विच. महावितरणाची वीज आणि जनरेटरची वीज यांपैकी एकच घरात येईल, दोन्ही कधीही एकत्र येणार नाहीत, अशी ही कळ हवी आणि ती न्यूट्रलसह तोडणारी हवी. काही घरांत दोन्ही टोकांना पिना असलेली तार प्लगमध्ये खुपसून घराला वीज देतात. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, गल्लीतील रोहित्रात चढून ११,००० व्होल्ट होते, आणि तार बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात पोहोचते. आपल्या घरातील दिव्यासाठी दुसऱ्याच्या घरातील दिवा विझवण्याचा हा धोका आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात अनेक भागांचा पुरवठा दिवसेंदिवस बंद होता आणि तो पूर्ववत करण्यासाठी माणसे पाण्यात उभी राहून तारांवर काम करीत होती. अशा वेळी प्रत्येक परसातील जनरेटर त्यांच्या जिवाशी बांधलेला असतो.

यांशिवाय लहानसहान शिस्त. महिन्यातून एकदा यंत्र अर्धा तास, मोकळे न ठेवता, निम्म्या भारावर चालवावे. तेलाची पातळी आणि बॅटरी पाहावी. बंद करताना आधी भार काढावा, दोनतीन मिनिटे मोकळे चालू द्यावे, मग थांबवावे. तापलेली वेटोळी तेवढ्यात निवतात.

भाद्रपदात एका संध्याकाळी जोराचा पाऊस आला आणि साडेपाचच्या सुमारास पुन्हा वीज गेली. सुनेने कढई इंडक्शनवरून उचलून गॅसवर ठेवली. मुलाने छत्री घेऊन खाली जाऊन यंत्र सुरू केले, ते तापू दिले आणि मग कळ फिरवली. दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. जेवणे वेळेत झाली. अप्पांच्या खोलीतील यंत्राची लय क्षणभरही तुटली नाही. वीज गेली होती हे त्यांना पावसाच्या आवाजातून जनरेटरची घरघर आली तेव्हा कळले.

दिवाळीत घरी एक नवा ओव्हन आला. खोके उघडण्याआधी नातीने मागची पट्टी वाचली, वही काढली आणि नावेच्या बाजूस एक ओळ लिहिली: ओव्हन, १,४०० वॅट, जनरेटरवर लावू नये. मग ती वही अप्पांना दाखवायला घेऊन गेली. त्यांनी चश्मा लावून बेरीज तपासली आणि सवयीने खाली तारीख घातली.